ग्रहलाघव आणि खिशातले गणकयंत्र

कवितासंग्रह, कादंबऱ्या, नाटके आणि चरित्रे यांची परीक्षणे या पृष्ठांत नित्य येतात, आणि ती यावीत हे योग्यच आहे. परंतु ग्रंथांची आणखी एक जात अशी आहे की तिच्याकडे टीकाकाराची दृष्टी सहसा वळत नाही. ही जात म्हणजे वाचकाला गणित करावयास लावणाऱ्या ग्रंथांची. असा ग्रंथ नुसता वाचून मिटता येत नाही. त्यात सांगितलेले आपल्या हाताने करावे लागते, आणि केल्यावर ते खरे की खोटे याचा निवाडा ग्रंथकर्त्याच्या कीर्तीवरून होत नाही, आकाशाकडे पाहून होतो. इतकी कठोर परीक्षा कोणत्याही कवीची होत नाही. आज आम्ही अशा दोन ग्रंथांविषयी लिहिणार आहोत. एक गणेश दैवज्ञाचे ‘ग्रहलाघव’, शके १४४२ म्हणजे इ. स. १५२० चे. दुसरे बेल्जियमचे गणिती जाँ मेउस यांचे; ‘ॲस्ट्रॉनॉमिकल फॉर्म्युली फॉर कॅल्क्युलेटर्स’ या नावाने ते १९७९ साली निघाले आणि १९९१ साली ‘ॲस्ट्रॉनॉमिकल अल्गोरिदम्स’ या नव्या नावाने, पुष्कळ वाढवून, पुन्हा लिहिले गेले. पहिला ग्रंथ पाटीवर धूळ पसरून बोटाने आकडे काढणाऱ्या गणकासाठी, दुसरा खिशात मावणाऱ्या गणकयंत्रासाठी. दोहोंमध्ये साडेचारशे वर्षे आहेत, आणि तरीही दोन्ही ग्रंथ एकाच कुळातले आहेत असे आमचे मत झाले आहे. ते कसे झाले ते सांगण्यासाठी वाचकांस मालगुंडास न्यावे लागेल.

मालगुंडास जाणारा मनुष्य बहुधा कवितेसाठी जातो. गणपतीपुळ्याला लागूनच हे गाव आहे. कृष्णाजी केशव दामले १८६६ साली येथे जन्मले, वडिलांच्या नावावरून त्यांनी ‘केशवसुत’ हे नाव घेतले, आणि मराठी कवितेचे पुढे काय झाले ते वाचकांस ठाऊक आहे. त्यांचे घर राखून कोकण मराठी साहित्य परिषदेने १९९४ साली तेथे स्मारक उभारले. त्यांचे धाकटे बंधू मोरो केशव यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध केले. एका भावाने भाषेचे नियम मांडले आणि दुसऱ्याने कवितेचे जुने नियम मोडले. असो. आमच्या विषयाला हवे ते एवढेच, की याच समुद्राच्या काठी, मालगुंडाच्या उत्तरेस, जंजिऱ्याजवळच्या नांदगावी सुमारे साडेतीनशे वर्षे आधी आणखी एक केशवसुत होऊन गेला. केशव दैवज्ञाचा पुत्र गणेश, तो हा. त्याच्या नावाचे स्मारक पाहावयास कोणी जात नाही. परंतु महाराष्ट्रातल्या घरोघरच्या एकादश्या, संक्रांती आणि ग्रहणे शतकानुशतके त्याच्या गणितावर चालली.

१ जानेवारी २०२५ च्या सायंकाळी आम्ही मालगुंडास होतो. बरोबर नववीत शिकणारा भाचा, सहा इंच व्यासाची एक दुर्बीण, मेउस यांचे १९९१ चे पुस्तक आणि आज्ञावली साठवून ठेवणारा एक जुना कॅल्क्युलेटर. मार्गशीर्षाची अमावास्या नुकतीच होऊन गेली होती; पौषातल्या द्वितीयेची कोर सूर्यामागोमाग समुद्रात उतरली आणि पश्चिमेस शुक्र तेवढा झळकत राहिला. आमची दुर्बीण साध्या लाकडी बैठकीवर बसते. बैठकीवर दोन अंशपट्ट्या आहेत : एक उत्तरेपासून किती अंश फिरायचे ते दाखविणारी, दुसरी क्षितिजापासून किती अंश वर पाहायचे ते दाखविणारी. आकाशातल्या वस्तूचे विषुवांश आणि क्रांती ही तिची कायमची ठिकाणे नकाशांत दिलेली असतात. त्या दोन आकड्यांपासून, त्या घटकेला त्या गावाहून तिचे दिगंश आणि उन्नतांश किती, हे काढणे एवढेच काम कॅल्क्युलेटरला सांगायचे होते. आम्ही देवयानी तारकासमूहातली दीर्घिका निवडली. अंधाऱ्या रात्री ती नुसत्या डोळ्यांनाही पुसट डागासारखी दिसते, म्हणून परीक्षेला ती बरी.

रात्रीचे आठ वाजले. आकडे घातले, कळ दाबली. यंत्राने उत्तर दिले की देवयानी क्षितिजाच्या खाली साडेबारा अंशांहून थोडी अधिक आहे. भाच्याने मान वर केली आणि डोक्यावरच्या आकाशात तो डाग आम्हांला बोटाने दाखविला.

चूक आमची होती, आणि ती शिकण्यासारखी आहे म्हणूनच येथे सांगतो. मेउस पश्चिम रेखांश धन मानतात आणि पूर्व रेखांश ऋण. आंतरराष्ट्रीय खगोल संघाने १९८२ साली पूर्वेला धन मानण्याचे ठरविले. मेउस यांनी ते स्वीकारले नाही, आणि का स्वीकारले नाही याची कारणेही पुस्तकात नोंदविली. ज्योतिषी पूर्वीपासून तसेच मोजत आले आहेत, आणि इतर ग्रहांवर रेखांश मोजण्याची रीतही तशीच आहे, असा त्यांचा पक्ष. उन्नतांश काढण्याचे त्यांचे नमुन्याचे उदाहरण वॉशिंग्टनच्या वेधशाळेहून दिसणाऱ्या शुक्राचे आहे. तेथे रेखांश धनच येतो, आणि त्या उदाहरणाबरहुकूम आज्ञावली तपासणाऱ्या वाचकाच्या लक्षात चिन्हाची गोष्ट येत नाही. आम्ही मालगुंडचे ७३ अंश १६ कला जसेच्या तसे घातले. त्यामुळे यंत्राच्या मते आम्ही अटलांटिकाच्या पलीकडे कोठेतरी उभे होतो. मालगुंड आणि ते ठिकाण यांत १४६ अंशांहून अधिक अंतर पडले. मात्र उत्तर आले ते दशांशाच्या सहा स्थळांपर्यंत नेमके!

चिन्ह बदलल्यावर गणित असे झाले. भारतीय प्रमाणवेळेचे रात्रीचे आठ म्हणजे ग्रीनिचचे दुपारचे अडीच. त्या क्षणी ग्रीनिचला नाक्षत्र काल, म्हणजे तेथल्या याम्योत्तर वृत्तावर असलेला विषुवांश, जवळजवळ ३१९ अंश. त्यात मालगुंडचा रेखांश मिळविला आणि पूर्ण फेरा टाकून दिला की ३२ अंश १६ कला उरतात. तासांत २ तास ९ मिनिटे. देवयानी दीर्घिकेचा आजचा विषुवांश ४४ मिनिटे. वजाबाकी १ तास २५ मिनिटे, म्हणजे दीर्घिका याम्योत्तर ओलांडून इतका वेळ झाला आहे. क्रांती ४१ अंश २४ कला आणि मालगुंडचा अक्षांश १७ अंश १० कला घेऊन पुढचे त्रिकोणमितीचे काम यंत्राने केले : उन्नतांश साठाला थोडा कमी, दिशा उत्तरेकडून पश्चिमेस साडेबत्तीस अंश. मेउस दिगंश दक्षिणेपासून मोजतात. तेथेही आमचा हात एकदा अडखळला हे कबूल केले पाहिजे. दुर्बीण त्या अंकांवर नेली आणि दृष्टिक्षेत्रात, मध्यापासून जरा बाजूला, तो लांबट प्रकाश आला. भाचा बराच वेळ डोळा काढीना.

येथे कोणी विचारील की हे सारे हल्ली मोबाईल करीत नाही काय? करतो, आणि बिनचूक करतो. आमच्या शेजारच्या पडवीत बसलेल्या एका गृहस्थांनी तो आकाशाकडे धरून देवयानीचे नाव आम्हांला वाचूनही दाखविले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु त्या उत्तरावर टीका करता येत नाही, कारण त्यात करणाऱ्याचा विचार दिसत नाही. आणि जेथे विचार दिसत नाही तेथे समीक्षकाने काय करावे? ग्रंथाचे तसे नाही. त्याने कोणती वाट धरली, काय टाकले, कोठे काटकसर केली, चूक किती पत्करली, हे सारे उघड असते. त्या रात्री घरात बसून आम्ही ‘ग्रहलाघव’ उघडले ते यासाठी.

गणेशापुढे अडचण होती ती मोठ्या अंकांची. सिद्धांतग्रंथांच्या रीतीने ग्रह काढायचा तर कलियुगाच्या आरंभापासून गेलेले दिवस मोजावे लागतात. शके १४४२ ला ही संख्या सोळा लाख ऐंशी हजारांच्या पुढे गेली होती. तिला ग्रहाच्या भगणांनी गुणायचे आणि युगाच्या दिवसांनी भागायचे : एका ग्रहासाठी पाटी भरून जावी. गणेशाने अकरा वर्षांचे एक चक्र धरले. अकरा वर्षांत अधिकमासांसह १३६ चांद्रमास होतात, आणि त्यांचे दिवस ४०१६. एका चक्रात प्रत्येक ग्रह किती सरकतो तो ‘ध्रुव’, आणि ग्रंथारंभी तो कोठे होता तो ‘क्षेपक’. हे अंक त्याने एकदाच काढून श्लोकांत गोवले. आता गणकाने चक्रे किती झाली ते पाहावे, ध्रुवाचा हिशेब करावा, आणि उरलेल्या दिवसांपुरतेच गुणावे. ते दिवस ४०१६ च्या वर कधीच जात नाहीत. पूर्ण फेऱ्यांचे ओझे वाहण्यात अर्थ नाही, उरलेला भाग तेवढा हवा, हे त्याने ओळखले.

वाचकांस वाटेल की यंत्राच्या काळात या युक्तीचे काय प्रयोजन? आम्हांलाही तसेच वाटत होते. परंतु दहा अंकी कॅल्क्युलेटर घेऊन बसा. ज्योतिषी दिवस मोजतात ते ख्रिस्तपूर्व ४७१३ पासून. त्या सायंकाळपर्यंत ते चोवीस लाख साठ हजारांवर गेले होते. पृथ्वी एका दिवसात ३६०.९८५६४७ अंश फिरते. दोहोंचा गुणाकार अठ्ठ्याऐंशी कोटींच्या पुढे जातो, आणि दहा अंकांपैकी नऊ त्यातच खर्च होऊन दशांशाचे एकच स्थळ उरते. म्हणून आरंभ इ. स. २००० पासून धरायचा, दररोजचे पूर्ण ३६० अंश टाकून द्यायचे, आणि उरलेल्या ०.९८५६४७ नेच गुणायचे. गुणाकार नऊ हजारांच्या आसपास येतो आणि दशांशाची सहा स्थळे हाती राहतात. हे चक्र, ध्रुव आणि क्षेपक नाहीत तर काय आहे? नांदगावच्या गणकाची पाटी आणि हल्लीचे यंत्र यांची जागा सारखीच अपुरी आहे, आणि अपुऱ्या जागेने दोघांना एकच युक्ती सुचविली.

गणेशाची दुसरी युक्ती आम्हांला याहून मोलाची वाटते. ग्रहाच्या मध्यम स्थानावरून स्पष्ट स्थान काढण्यास जीवा लागते. हल्ली तिला साईन म्हणतात. जीवांची कोष्टके पाठ हवीत किंवा समोर हवीत. गणेशाने सबंध ग्रंथात जीवा वापरलीच नाही. सूर्याचे मंदफल काढण्याची त्याची रीत पाहा. केंद्राच्या भुजांशांना नवाने भागावे. आलेला अंक विसातून वजा करून त्याच अंकाने गुणावा. या गुणाकाराचा नववा भाग सत्तावन्नातून वजा करून, जे उरेल त्याने त्या गुणाकाराला भागावे. झाले मंदफल, अंशांत. नव्वद अंशांना ते २ अंश १०.७ कला येते. तीस अंशांना जीवेच्या रीतीने त्याच्या निम्मे यावयास हवे, म्हणजे १ अंश ५.४ कला; गणेशाच्या रीतीने येते १ अंश ५.६ कला. फरक कलेच्या पाचव्या हिश्शाचा. शाळेत भागाकार शिकलेल्या मुलाला हे करता येते. आमच्या भाच्याने सकाळी वहीच्या मागच्या पानावर केले आणि ते जमले याचे त्याला दीर्घिकेपेक्षाही अधिक नवल वाटले. चंद्रासाठी हीच रीत नवाच्या जागी सहा, विसाच्या जागी तीस, असे अंक बदलून आहे. इतर पाच ग्रहांसाठी मात्र त्याने दर पंधरा अंशांचे अंक श्लोकांत देऊन मधले वाचकाकडून काढविले आहेत.

ग्रंथाच्या शेवटी गणेश स्वतःविषयी बोलतो तो भाग कोणत्याही प्रस्तावनेहून आम्हांला अधिक आवडतो. पूर्वीच्या थोर गणकांनी कोठे कोठे जीवा-चापांवाचून काही साधले आणि तेवढ्यावरून ते अभिमानाच्या पर्वतावर चढले. आपण तर सर्वच गणित तसे केले. तरी गर्व कसा करावा, कारण हे आपण त्यांच्याच ग्रंथांवरून शिकलो, असा त्याचा आशय आहे. विनय आणि आत्मगौरव एकाच श्लोकात इतक्या सहज नांदताना क्वचित दिसतात. गर्व करीत नाही म्हणताना त्याने आपली करामत मात्र पुरती मोजून सांगितली आहे!

तिसरी गोष्ट त्याच्या निर्भयपणाची. सौर, आर्य आणि ब्राह्म असे तीन पक्ष त्या काळी होते, आणि ज्योतिषी आपापल्या पक्षाला धर्मासारखे चिकटून असत. गणेशाने आकाशात काय दिसते ते पाहिले आणि ग्रहागणिक पक्ष निवडला. सूर्य सौरपक्षाचा घेतला. चंद्रही त्याच पक्षाचा, पण नऊ कला कमी करून. गुरू आर्यपक्षाचा, आणि शनी आर्यपक्षाचाच पण पाच अंश वाढवून. पाच अंश म्हणजे दहा पूर्णचंद्र ओळीने ठेवले तर होईल इतके अंतर. ग्रंथप्रामाण्याच्या काळात एवढी दुरुस्ती डोळ्यांच्या साक्षीवर करणे हे धैर्याचे काम होते. हे धैर्य त्याला घरातच मिळाले. त्याचा बाप केशव ‘ग्रहकौतुक’कार, त्याने स्वतः वेध घेतले, आणि पुढच्या गणकांनीही ग्रहणे, युती, उदयास्त पाहून त्या त्या काळी गणित सुधारून घ्यावे असे स्पष्ट लिहून ठेवले.

येथवर स्तुती झाली. आता दोष. ‘ग्रहलाघवा’चा चंद्र एकाच संस्कारावर चालतो, तो पाच अंशांचा. प्रत्यक्षात चंद्राच्या गतीत आणखी मोठे फरक आहेत; त्यांतला सर्वांत मोठा सव्वा अंशाहून अधिक आहे. मुंजालाने दहाव्या शतकातच त्या तऱ्हेचा एक संस्कार दिला होता. गणेशाने तो घेतला नाही. पौर्णिमेला आणि अमावास्येला हे फरक परस्परांत असे मिसळतात की पाच अंशांचा एकच संस्कार पुरेसा होतो. म्हणून ग्रहणे बरी जमतात. पण अष्टमीच्या सुमारास हाच चंद्र अडीच अंशांपर्यंत चुकू शकतो. ग्रहण जमले की पंचांग खरे, अशी लोकांची समजूत, आणि अष्टमीचा चंद्र नक्षत्रांत मोजून पाहण्याचे कोणास कारण नाही. गणेशाने जेथे ग्रंथाची परीक्षा होणार होती तेथे तो भक्कम केला आणि जेथे होणार नव्हती तेथे सोडून दिला, असे आम्हांला वाटते. हे व्यवहारचातुर्य खरे. पण लाघवाची किंमत कोठे दिली हे ग्रंथात सांगितलेले नाही, ही उणीव म्हटलीच पाहिजे. आमच्या दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र एक अंशाचे आहे. ‘ग्रहलाघवा’वरून अष्टमीचा चंद्र शोधू गेल्यास तो कित्येकदा त्यात सापडावयाचा नाही, आणि चंद्रच सापडत नाही अशी दुर्बीण पाहून शेजारचे गृहस्थ काय म्हणतील?

मेउस यांचा ग्रंथ या एका बाबतीत निःसंशय वरचढ आहे. प्रत्येक रीतीपुढे ती किती खरी, किती काळापर्यंत खरी, हे ते सांगतात. सूर्याची कमी कष्टाची रीत देतात आणि ती एका अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत विश्वसनीय आहे हेही सांगतात. ते व्यवसायाने हवामानशास्त्रज्ञ. अंदाज आणि अंदाजातली चूक या दोहोंशी रोजची ओळख असल्याचा हा परिणाम असेल. दुसरा गुण असा की कोणत्याही विशिष्ट यंत्रासाठी तयार आज्ञावली देण्याचे त्यांनी टाळले आहे. १९७४ च्या एचपी-६५ मध्ये शंभर पायऱ्या मावत, १९७७ च्या टीआय-५९ मध्ये ९६०, आणि कॅसिओच्या एका स्वस्त यंत्रात अवघ्या अडतीस. प्रत्येकाची बोली निराळी. ती सारी यंत्रे आज जुन्या बाजारात गेली आणि पुस्तक मात्र राहिले, याचे कारण हेच. ज्यांना पायरीपायरीने हात धरून नेणारा गुरू हवा त्यांच्यासाठी केंब्रिजच्या पीटर डफेट-स्मिथ यांचे, त्याच १९७९ सालचे, साध्या कॅल्क्युलेटरसाठी लिहिलेले पुस्तक आहे. ते सोपे आहे. परंतु त्यात रीतीची कारणे कमी आणि कृती अधिक, त्यामुळे चूक झाली तर कोठे झाली हे वाचकाला कळत नाही.

मेउस यांची उदाहरणे हा त्या ग्रंथाचा प्राण आहे. सूत्र दिले की लगेच एक उदाहरण, मधले सर्व आकडे देऊन. आपल्या यंत्राने तेच आकडे दिले तर पुढे जावे. ‘ग्रहलाघवा’लाही हे भाग्य लाभले, पण शंभर वर्षांनी आणि दुसऱ्याच्या हातून. गोदातीरच्या गोळग्रामच्या विश्वनाथ दैवज्ञाने सतराव्या शतकाच्या आरंभी त्यावर टीका लिहिली ती अशीच सोडविलेल्या उदाहरणांची. त्याचा भाऊ मल्लारी याने रीतींच्या उपपत्ती दिल्या. या दोन टीका नसत्या तर हा ग्रंथ इतका पसरला नसता. मात्र मेउस यांचे वॉशिंग्टनचे उदाहरण आम्हांस आडवे आले ते पाहता, उदाहरण आपल्या गावचे असावे असे म्हणावेसे वाटते. गणेशाने उज्जयिनीच्या रेषेपासून आपल्या गावाचे देशांतर कसे धरावे ते सांगितले. नांदगाव असो, गोळग्राम असो, संस्कार कोणत्या बाजूस करायचा हे तेथल्या गणकाला चुकत नसे.

‘ग्रहलाघवा’चे पुढे काय झाले हे मात्र दुःखाने लिहावे लागते. बापाने दुरुस्त करीत जा म्हणून सांगितले, मुलाने दुरुस्त करून दाखविले, आणि पुढच्यांनी त्या दुरुस्तीचीच पोथी केली. तीनशेहून अधिक वर्षे ध्रुव आणि क्षेपक तेच राहिले. १८६० साली केरो लक्ष्मण छत्रे यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ युरोपीय कोष्टकांच्या आधाराने मराठीत छापली. ते अलिबागजवळच्या नागावचे, म्हणजे पुन्हा याच किनाऱ्याचे. त्या कोष्टकांवरून पुढे पटवर्धनी पंचांग निघू लागले, आणि ते चालू राहिले तरी जुन्या पंचांगांपुढे फारसे पसरले नाही. शतकाच्या अखेरीस व्यंकटेश बापूजी केतकरांनी पुन्हा सर्व अंक नव्याने बांधले, पण ‘ज्योतिर्गणित’ संस्कृतात लिहिले. दापोली तालुक्यातल्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त या सर्वांचा इतिहास मराठीत लिहिला. पंचांग पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने तो एकदा वाचावा, कारण गणेशाची थोरवी आणि त्याच्या ग्रंथाची कालबाह्यता ही दोन्ही त्यात एकाच हाताने, आदर न सोडता, मांडली आहेत. अशी समतोल टीका मराठीत कवितेच्या वाट्यालाही वारंवार येत नाही.

छत्र्यांच्या कोष्टकांना दीडशेहून अधिक वर्षे झाली. आकाशाविषयी मराठीत पुस्तके पुष्कळ निघतात, चित्रे सुरेख असतात, कृष्णविवरांपासून विश्वाच्या आरंभापर्यंत सारे त्यांत येते. पण आमच्या वाचनात आली त्यांपैकी फार थोड्यांत वाचकाने पेन्सिल उचलावी अशी एखादी ओळ असते. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या, १९४४ पासून चालत आलेल्या संस्थेतल्या कोणी असे पुस्तक मनावर घेतले तर आम्ही त्याचे परीक्षण आनंदाने लिहू. त्यात पूर्व रेखांश धन असावा. उदाहरणे नागपूर, पुणे, मालगुंड अशी असावीत. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेची आहे आणि कोकणची स्थानिक वेळ तिच्या सुमारे सदतीस मिनिटे मागे आहे, हे पहिल्याच पानावर असावे. कारण हा फरक विसरला तर दुर्बीण सव्वानऊ अंश भलतीकडे जाते. आणि प्रत्येक रीतीखाली, ती कोठे फसते, हे एका ओळीत असावे.

परतण्याच्या आदल्या रात्री भाच्याने स्वतः अगस्तीचे गणित केले. मालगुंडहून तो दक्षिणेस याम्योत्तरावर येतो तेव्हा वीस अंशांच्या थोडा वर असतो. यंत्रावाचून, नव्वदातून अक्षांश आणि क्रांती वजा करूनही हे निघते, आणि त्याने दोन्ही रीतींनी काढले. बाराच्या सुमारास कंपासपेटीतला कोनमापक, दोरा आणि दोऱ्याला बांधलेली एक किल्ली एवढ्या साहित्यावर त्याने तो मोजला. साडेएकवीस भरले. तो म्हणाला, किल्ली वाऱ्याने हलत होती. आम्ही म्हटले, पुन्हा मोज. दुसऱ्यांदा वीस आले, पण तोवर अगस्ती पश्चिमेकडे कलू लागला होता, म्हणून तो आकडा वहीत घ्यावा की नाही यावर आमचा त्याच्याशी झोपेपर्यंत वाद चालला.